आयर्न मेडनची पडझड आणि पुनरागमन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयर्न मेडनबद्दल कुठेही दोन ओळी लिहिल्या की ठरावीक प्रश्न परत परत येतात. नव्वदच्या दशकात या बँडचं नक्की काय झालं, तो कसा सावरला, आणि त्यातलं श्रेय कुणाचं, दोष कुणाचा. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचलंत तर उत्तम, पण प्रत्येक उत्तर सुटंही वाचता येईल.

१. मी मेडनचं एकही गाणं ऐकलेलं नाही. हा बँड म्हणजे नेमके कोण?

पूर्व लंडनमधल्या लेटन भागात १९७५ च्या नाताळात स्टीव्ह हॅरिस या बास गिटारवादकाने हा हेवी मेटल, म्हणजे जड गिटारींचं रॉक वाजवणारा बँड सुरू केला. १९८० मध्ये पहिला अल्बम आला, तेव्हा गायक होता पॉल डिआनो. १९८१ मध्ये त्याच्या जागी ब्रूस डिकिन्सन आला. १९८२ चा 'द नंबर ऑफ द बीस्ट' ब्रिटनच्या अल्बम यादीत पहिल्या क्रमांकावर गेला आणि तिथून बँड सुसाट सुटला. घोड्याच्या टापांसारखा धावणारा बास, दोन गिटारींनी मिळून वाजवलेल्या सुरावटी, इतिहासातल्या आणि पुस्तकांतल्या कथांवर बेतलेली लांबलचक गाणी, आणि मुखपृष्ठावर एडी नावाचा सांगाडावजा राक्षस ही त्यांची ओळख. १९८८ पर्यंत सात अल्बम झाले आणि बहुतेक चाहते या सात अल्बमांनाच सुवर्णकाळ म्हणतात. २०२१ पर्यंतचे मोजले तर एकूण सतरा स्टुडिओ अल्बम होतात.

२. पडता काळ नक्की कधीपासून कधीपर्यंत धरायचा?

सर्वसाधारणपणे १९९३ ते १९९९, म्हणजे डिकिन्सन गेल्यापासून परत येईपर्यंत. ब्रिटनच्या यादीतले क्रमांकच बघा. १९९२ चा 'फिअर ऑफ द डार्क' पहिला. १९९५ चा 'द एक्स फॅक्टर' आठवा. १९९८ चा 'व्हर्च्युअल इलेव्हन' सोळावा. अमेरिकेत तर हे दोन अल्बम अनुक्रमे १४७ आणि १२४ व्या क्रमांकापर्यंतच पोहोचले. दहा वर्षांपूर्वी ज्यांनी तिथली मोठमोठी बंदिस्त क्रीडागृहं भरवली, ते क्लबांत आणि छोट्या थिएटरांत वाजवत होते.

माझं मत विचाराल तर मी सुरुवात १९९० पासून धरतो. का, ते पुढच्या उत्तरात.

३. १९९० आणि १९९२ चे अल्बम तर गाजले होते. शिवाय त्यांचं एकमेव क्रमांक एकचं सिंगल (सुटं विकलेलं गाणं) याच काळातलं. मग घसरण कशी म्हणता?

क्रमांक आणि दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'ब्रिंग युअर डॉटर टु द स्लॉटर' हे गाणं जानेवारी १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं हे खरं. बीबीसीने ते फारसं वाजवलंही नाही, तरी गेलं. पण ते नाताळात बाजारात आणलं होतं. त्या आठवड्यांत एकूण विक्री मंदावलेली असते, आणि मेडनचे निष्ठावान चाहते पहिल्याच दिवशी दुकानात जाऊन खरेदी करायचे. या यशाचा मान त्या फौजेला जातो. गाण्याला तो देणं मला जड जातं, कारण डिकिन्सनने ते मुळात एका भयपटासाठी स्वतंत्रपणे लिहिलं होतं.

१९९० चा 'नो प्रेयर फॉर द डाईंग' हॅरिसच्या एसेक्समधल्या घरी, बाहेर रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ उभा करून रेकॉर्ड केला. त्याआधीच्या दोन अल्बमांत सिंथेसायझरचा वापर आणि भव्य रचना होत्या. त्यापासून दूर जाऊन पुन्हा रांगडं, साधं वाजवायचं असा हेतू होता. हेतू चांगला होता, पण ऐकताना गाणी घाईत उरकल्यासारखी वाटतात आणि डिकिन्सन मोकळा आवाज सोडून खरवडून गातो. 'फिअर ऑफ द डार्क'चं शीर्षकगीत अजरामर आहे. मैदानात हजारो लोक त्याची गिटारची सुरावट तोंडाने गातात तेव्हा अंगावर काटा येतो. पण बारा गाण्यांच्या त्या अल्बममधली किती गाणी पुढे मंचावर टिकली, हे मोजायला एका हाताची बोटं पुरतात. आधीच्या अल्बमांचं तसं नव्हतं.

४. गिटारवादक एड्रियन स्मिथ मध्येच का निघून गेला?

१९९० च्या अल्बमची तयारी सुरू असतानाच तो बाहेर पडला. रांगड्या वळणाची दिशा त्याला पटत नव्हती. 'समव्हेअर इन टाइम' आणि 'सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन' या अल्बमांनी जी वाट उघडली होती, तीच पुढे न्यावी असं त्याचं म्हणणं होतं. अर्ध्या मनाने राहण्यापेक्षा तो गेला. त्याच्या जागी आलेला यानिक गर्स मंचावर गिटार हवेत फिरवणारा, पाय मंचाच्या कठड्यावर टाकून वाजवणारा उत्साही माणूस. चाहत्यांनी त्याला लगेच आपलंसं केलं.

तरी माझ्या मते या बँडचं सर्वांत कमी लेखलेलं नुकसान हेच. गायक गेला की सगळ्यांच्या लक्षात येतं, पण स्मिथ हा बँडमधला सर्वांत नेमका गीतकार होता. हॅरिसची गाणी लांब आणि महाकाव्यासारखी. स्मिथची आटोपशीर, लगेच ओठांवर बसणारी. त्या दोघांच्या तोलावर सुवर्णकाळ उभा होता. तोल १९९० मध्येच गेला, गायक गेला तो तीन वर्षांनी.

५. ब्रूस डिकिन्सनने १९९३ मध्ये बँड का सोडला? भांडण झालं होतं का?

भांडणापेक्षा घुसमट म्हणणं जास्त खरं. बारा वर्षं एकाच पद्धतीचं संगीत केल्यावर त्याला स्वतःचं काही करून बघायचं होतं, आणि १९९० मध्ये त्याचा एक स्वतंत्र अल्बम आलाही होता. कडवटपणा आला तो निरोपाच्या पद्धतीमुळे. जाणार असं आधीच जाहीर करून तो १९९३ चा संपूर्ण दौरा गायला. म्हणजे प्रत्येक रात्र निरोपाची. त्या दौऱ्यात महत्त्वाच्या शहरांत तो मन लावून गायचा आणि बाकी ठिकाणी पुटपुटायचा, असा आरोप हॅरिसने नंतर केला. डिकिन्सनने तो मान्य केला नाही. रोज अशा विचित्र वातावरणात गाणं किती अवघड होतं, हे त्याचं उत्तर. त्या वर्षी निघालेली थेट कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं ऐकली तर दोघांच्याही म्हणण्यात तथ्य वाटतं.

शेवटचा कार्यक्रम २८ ऑगस्ट १९९३ रोजी लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत, टीव्हीसाठी झाला. सोबत सायमन ड्रेक हा जादूगार होता आणि त्याच्या रक्तरंजित प्रयोगांत अखेरीस डिकिन्सनचाच 'बळी' दिला गेला. एवढ्या मोठ्या गायकाचा निरोप याहून साधा आणि मानाचा व्हायला हवा होता.

६. ब्लेझ बेली वाईट गायक होता, म्हणून बँड बुडाला. बरोबर ना?

नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि बहुतेक वेळा रागाने येतो, म्हणून जरा सविस्तर.

ब्लेझ हा वुल्फ्सबेन या इंग्रजी बँडचा गायक. हा बँड १९९० मध्ये मेडनच्या ब्रिटन दौऱ्यात आधी वाजवायचा, त्यामुळे ब्लेझ त्यांच्या ओळखीचा होता. १९९४ मध्ये त्याची निवड झाली. त्याचा आवाज खर्जाकडे झुकलेला, भारदस्त, थोडा खिन्न. डिकिन्सनचा आवाज वरच्या सप्तकात तळपणारा. अडचण इथे आहे: बँडने जुन्या गाण्यांची पट्टी बदललीच नाही. गिटारी होत्या त्याच सुरात ठेवल्या आणि ब्लेझने ती गाणी डिकिन्सनच्या पट्टीत गायची, असं गृहीत धरलं. बालगंधर्वांची पदं खर्जाच्या गायकाला त्याच उंच पट्टीत रात्रीमागून रात्र गायला लावली तर काय होईल? तेच झालं. आवाज फाटायचा, घसा बसायचा. दोन्ही दौऱ्यांत त्याच्या घशाच्या त्रासामुळे कार्यक्रम रद्द करावे लागले आणि त्याचं खापर पूर्णपणे त्याच्या डोक्यावर फुटलं.

त्याच्या आवाजासाठी लिहिलेली गाणी मात्र तो उत्तम गायचा. 'साइन ऑफ द क्रॉस' हे अकरा मिनिटांचं गाणं आणि 'द क्लॅन्समन' ऐका. ही दोन्ही गाणी डिकिन्सनने परतल्यावर गायली, २००१ च्या रिओतल्या कार्यक्रमातही आणि २०१८ पासूनच्या 'लेगसी ऑफ द बीस्ट' दौऱ्यातही. पडत्या काळातली गाणी बँडने सर्वांत मोठ्या मंचावर अभिमानाने मिरवली. त्या काळाची लाज वाटत असती तर हे झालं असतं का?

ब्लेझला डावलणारी चर्चा ऐकली की मला मनापासून वाईट वाटतं. बँड जवळपास संपल्यात जमा असताना पाच वर्षं त्याने तो चालू ठेवला. तो नसता तर १९९९ मध्ये परत येण्यासाठी बँड शिल्लक असता की नाही, याचीच मला शंका आहे.

७. खरं कारण ग्रंज आणि निर्वाणा, नाही का?

ग्रंज म्हणजे नव्वदच्या सुरुवातीचं खरखरीत अमेरिकन रॉक, आणि निर्वाणा हा त्यातला सर्वांत गाजलेला बँड. ते एक कारण आहे, तेही प्रामुख्याने अमेरिकेत. १९९१ नंतर तिथल्या रेडिओने आणि संगीत वाहिन्यांनी ऐंशीच्या दशकातल्या हेवी मेटलकडे पाठ फिरवली. लांब केस, राक्षस, ड्रॅगन हे सगळं जुनाट ठरलं. पण त्याच काळात मेटालिका प्रचंड मोठा होत गेला आणि पँटेराचा १९९४ चा अल्बम अमेरिकेत थेट पहिल्या क्रमांकावर आला. म्हणजे जड संगीताला गिऱ्हाईक होतं.

मेडनच्या बाबतीत आतली कारणं वजनदार होती: स्मिथ नाही (प्रश्न ४), डिकिन्सन नाही, आणि निर्माता मार्टिन बर्चही नाही. १९८१ पासून त्यांचा आवाज घडवणारा बर्च 'फिअर ऑफ द डार्क' करून निवृत्त झाला. त्यानंतरचे दोन अल्बम हॅरिसने नायजेल ग्रीनसोबत आपल्याच घरच्या स्टुडिओत केले. ते ऐकताना आवाज कोरडा, सपाट लागतो. सांगणारा, अडवणारा, 'हे कडवं चार वेळा नको, दोनदा पुरे' असं म्हणणारा बाहेरचा माणूस उरला नव्हता. 'द एंजल अँड द गॅम्बलर'मध्ये एकच ओळ किती वेळा येते ते एकदा मोजा, म्हणजे मुद्दा कळेल.

८. मग ते दोन अल्बम ऐकावेत की सोडून द्यावेत?

'द एक्स फॅक्टर' जरूर ऐका, तोही रात्री, एकट्याने, सलग. त्या सुमारास हॅरिसचा संसार मोडला होता आणि ते दुःख अल्बमभर पसरलेलं आहे. युद्ध, अपराधीपणा, श्रद्धेबद्दलची शंका. मेडनचा इतका काळोखा अल्बम दुसरा नाही आणि ब्लेझचा आवाज त्याला शोभतो. सत्तर मिनिटांचा आहे, थोडा कापला असता तर बरं झालं असतं, पण त्यात माणूस बोलतो आहे.

'व्हर्च्युअल इलेव्हन'मधून 'फ्युचरिअल' आणि 'द क्लॅन्समन' घ्या. बाकीचं कुतूहल म्हणून.

९. १९९९ मध्ये डिकिन्सन परत कसा आला?

व्यवस्थापक रॉड स्मॉलवुडने हे जुळवून आणलं. हॅरिस सुरुवातीला अजिबात खूश नव्हता. ज्याने सोडलं तो पैशासाठी परत येतोय का, ही शंका त्याला होती. जानेवारी १९९९ मध्ये ब्लेझला जायला सांगितलं गेलं आणि सगळे ब्रायटनमध्ये भेटले. समोरासमोर बसून बोलल्यावर गाठ सुटली.

एक गोष्ट लोक विसरतात. डिकिन्सन काही मोडकळीला आलेला परतला नव्हता. १९९७ चा 'ॲक्सिडेंट ऑफ बर्थ' आणि १९९८ चा 'द केमिकल वेडिंग' हे त्याचे स्वतंत्र अल्बम त्या काळातल्या मेडनपेक्षा कितीतरी सरस होते, आणि दोन्हींवर गिटार वाजवायला एड्रियन स्मिथ होता. म्हणजे जे दोघं बाहेर पडले होते ते बाहेर एकत्र येऊन घडले आणि दोघंही सोबत परतले. पुनरागमन टिकलं त्याचं मूळ मी इथे शोधतो. ते रिकाम्या हातांनी आले नव्हते.

१०. स्मिथ परत आला तर यानिक गर्सला काढलं का नाही? तीन गिटार कशाला?

काढायचा विचारच झाला नाही, आणि हा निर्णय मला बँडच्या इतिहासातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. पडत्या काळात जो माणूस जागेवर उभा राहिला, त्याला चांगले दिवस येताच हाकलायचं नाही. हॅरिसच्या मनात तीन गिटारींची कल्पना आधीपासून होती, ती अमलात आली.

संगीतात याचा फायदा झालाच. आधी स्टुडिओत एकावर एक थर देऊन केलेल्या गोष्टी मंचावर दोघांना जमत नसत. आता दोन गिटारी जोडीने सुरावट वाजवतात आणि तिसरी खालून ताल धरून ठेवते. बँडचा जुना गिटारवादक डेव्ह मरे याचा गुळगुळीत वाहता आवाज, स्मिथचा नेमका आणि यानिकचा विस्कटलेला, उसळता. कान सरावला की कोणता तुकडा कुणाचा ते डोळे मिटून ओळखता येतं.

११. परतल्यावर जुनी गाणी वाजवूनच पैसे कमावले ना? सगळेच जुने बँड तेच करतात.

उलट आहे, आणि मेडनबद्दल मला जे काही सांगायचं आहे ते सगळं या उत्तरात आहे. १९९९ चा दौरा जुन्या गाण्यांचा होता हे खरं. पण लगेच ते पॅरिसच्या गिओम तेल स्टुडिओत गेले, केव्हिन शर्ली या निर्मात्याला घेतलं आणि सगळ्यांनी एकाच खोलीत एकत्र वाजवून मे २००० मध्ये 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' आणला. त्यातली काही गाणी ब्लेझच्या काळातच आकाराला येऊ लागली होती, त्यामुळे हा अल्बम आधीच्या काळाशी नाळ तोडून आलेला नाही. १९ जानेवारी २००१ रोजी रिओ द जानेरोमध्ये सुमारे अडीच लाख लोकांसमोर ते उभे राहिले तेव्हा कार्यक्रमात या नव्या अल्बमची सहा गाणी होती. अडीच लाख लोक, जगभर जाणारं चित्रीकरण, आणि तरी सुरक्षित खेळ नाही.

पुढे तर कमालच केली. २००६ चा 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' हा युद्धावरचा लांब, गंभीर अल्बम त्यांनी त्या वर्षीच्या दौऱ्यात पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत अख्खा वाजवला. जुनी गाणी शेवटी मोजकीच. प्रेक्षकांतले बरेच जण चिडले, बँड बधला नाही. अमेरिकेत पहिल्या दहांत गेलेला त्यांचा हा पहिलाच अल्बम; ऐंशीच्या दशकात जमलं नाही ते तेव्हा जमलं. २०१० चा आणि २०१५ चा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. २०२१ चा 'सेंजुत्सु' तिथे दुसरा आणि अमेरिकेत तिसरा. 'एल डोराडो' या गाण्याला २०११ मध्ये ग्रॅमी मिळालं.

जुन्या गाण्यांचे खास दौरेही होतात, मुंबईतला कार्यक्रम त्यातलाच (प्रश्न १३). पण एक दौरा आठवणींचा तर पुढचा नव्या गाण्यांचा, ही शिस्त त्यांनी पाळली. म्हणूनच २००० नंतर जन्मलेली मुलं त्यांना आपला बँड मानतात.

१२. गायक स्वतः विमान चालवतो ही थाप आहे ना?

अगदी खरं आहे. डिकिन्सन व्यावसायिक वैमानिक होता आणि ॲस्ट्रिअस या ब्रिटिश कंपनीत कॅप्टन म्हणून नोकरी करत होता. २००८ मध्ये त्याच कंपनीचं बोइंग ७५७ भाड्याने घेतलं, मागच्या भागात फेरफार करून बारा टन सामान बसवलं, बँड आणि सगळा कर्मचारी वर्ग एकाच विमानात. नाव 'एड फोर्स वन'. पहिल्या टप्प्यात ४५ दिवसांत २३ कार्यक्रम झाले. एरवी सामान जहाजाने किंवा मालवाहू विमानाने पाठवायचं म्हटलं की इतकी दूरदूरची शहरं एका दौऱ्यात बसवणं परवडत नाही. विमानामुळे ते गणित बदललं आणि मुंबईसारखी शहरं नकाशावर आली. २०१६ मध्ये हेच बोइंग ७४७ वर गेलं, त्यासाठी डिकिन्सनने वेगळं प्रशिक्षण घेतलं. चिलीतल्या सांतियागो विमानतळावर त्या विमानाला टोचन लावून नेताना अपघात होऊन त्याची इंजिनं खराब झाली, तरी दौरा पुढे गेला.

१३. मेडन मुंबईत खरंच वाजवून गेले? भारतात किती वेळा आले?

हो. १ फेब्रुवारी २००८, वांद्रे-कुर्ला संकुल. आणि नुसते आले नाहीत, 'समव्हेअर बॅक इन टाइम' हा संपूर्ण जागतिक दौरा त्यांनी मुंबईतून सुरू केला. एड फोर्स वनची पहिली फेरी लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळाहून थेट मुंबई. त्या दौऱ्यावरच्या 'फ्लाइट ६६६' या माहितीपटात मुंबई दिसते आणि त्याच्या ध्वनिमुद्रणातलं पहिलं गाणं, 'एसेस हाय', मुंबईतलं आहे. गाण्याआधी वाजणाऱ्या चर्चिलच्या भाषणाच्या शेवटी उसळणारा तो आवाज आपल्या लोकांचा.

त्याआधी १७ मार्च २००७ रोजी ते बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेले होते, आणि २००९ च्या फेब्रुवारीत पुन्हा तिथेच आले. त्यानंतर २०२४ च्या अखेरपर्यंत भारतात त्यांचा कार्यक्रम झालेला नाही.

याचं मोल समजायला आधीची परिस्थिती आठवावी लागते. रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक महोत्सवाला जाणारी, काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये तासन्‌तास कॅसेटी चाळणारी, एकाच कॅसेटच्या प्रतीवरून प्रत काढून ऐकणारी पिढी मुंबई-पुण्यात वाढली होती. मेडन भारतात येईल हे त्या पिढीने धरलंच नव्हतं. आणि एक बाब लक्षात घ्या: तो बँड आपल्याकडे आला तो पुनरागमनानंतर. तो १९९८ मध्येच मिटला असता तर आपल्या वाट्याला कॅसेटीच उरल्या असत्या.

१४. डिकिन्सनला कर्करोग झाला होता. त्यानंतर आवाज गेला का?

२०१४ च्या अखेरीस त्याच्या जिभेच्या मागच्या बाजूला गाठ सापडली. रेडिएशन आणि केमोथेरपी झाली आणि मे २०१५ मध्ये डॉक्टरांनी तो रोगमुक्त असल्याचं सांगितलं. 'द बुक ऑफ सोल्स' हा दुहेरी अल्बम त्याआधीच रेकॉर्ड झाला होता. म्हणजे ती गाठ असताना, तिचा पत्ता नसताना, त्याने तो गायला, अठरा मिनिटांचं 'एम्पायर ऑफ द क्लाउड्स'सुद्धा. अल्बम सप्टेंबरपर्यंत पुढे ढकलला आणि २०१६ च्या फेब्रुवारीत तो दौऱ्यावर होता.

आवाजाला वयाची जाड किनार आली आहे. वरचे स्वर अजून लागतात.

१५. ड्रमर निको मॅकब्रेनला काय झालं?

जानेवारी २०२३ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. सत्तरीतला ड्रमर. तरी मे महिन्यात तो दौऱ्यावर हजर होता. पूर्वीसारखे वेगवान तुकडे जमेनासे झाले, तेव्हा त्याने ते सोपे करून घेतले आणि वाजवत राहिला. ७ डिसेंबर २०२४ रोजी साओ पाउलोच्या कार्यक्रमानंतर त्याने दौऱ्यांतून निवृत्ती घेतली. जवळपास बेचाळीस वर्षं. त्याच्या जागी सायमन डॉसन आला, तो हॅरिसच्या ब्रिटिश लायन या दुसऱ्या बँडमध्ये वाजवायचा. मे २०२५ मध्ये बुडापेस्टला सुरू झालेला पन्नाशीचा दौरा त्याच्या साथीने झाला.

१६. जुन्या सदस्यांना बँडने वाऱ्यावर सोडलं, असं ऐकतो. खरं का?

सरसकट नाही. सुरुवातीच्या तीन अल्बमांचा ड्रमर क्लाइव्ह बर याला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार झाला तेव्हा त्याच्यासाठी मेडनने मार्च २००२ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन अकॅडमीत तीन रात्री वाजवून पैसे उभे केले. २०१३ मध्ये तो गेला. पॉल डिआनोची अखेरची वर्षं चाकाच्या खुर्चीत गेली, उपचारांसाठी चाहत्यांनी वर्गणी काढली. २०२२ मध्ये क्रोएशियात हॅरिस त्याला भेटला. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचं निधन झालं. ब्लेझने स्वतःचा बँड काढला, २०२३ मध्ये हृदयविकाराचा झटका आणि बायपास शस्त्रक्रिया सोसली, आणि पुन्हा गायला उभा राहिला.

१७. रेडिओवर गाणी लागत नव्हती, मग पडत्या काळात बँड जगला कशावर?

एडीवर. डेरेक रिग्जने काढलेला तो चेहरा पहिल्या अल्बमपासून बँडचा चेहरा आहे. गायक बदलला तरी टी-शर्टवरचा चेहरा बदलत नाही, आणि टी-शर्ट विकला जातो. पडत्या काळात १९९२ पासून इतर चित्रकारांकडून मुखपृष्ठं करून घेतली गेली, तरी एडी राहिला. दुसरं, स्मॉलवुडचा पिंड रेडिओवर विसंबणाऱ्याचा नव्हताच. देशोदेशी जाऊन वाजवायचं आणि गिऱ्हाईक स्वतः बांधायचं, ही त्याची रीत. रेडिओने कधी उचललं नव्हतं, त्यामुळे रेडिओने टाकल्याचा धक्काही इतरांइतका बसला नाही.

१८. ज्युडास प्रीस्टचंही असंच झालं ना? मग मेडनचं वेगळं काय?

या इंग्रजी हेवी मेटल बँडशी साम्य मोठं आहे. त्यांचा गायक रॉब हॅलफर्ड १९९२ मध्ये गेला आणि २००३ मध्ये परतला. मधल्या काळात टिम ओवेन्स गायचा. फरक असा की ओवेन्स वरच्या पट्टीत हॅलफर्डसारखाच गाऊ शकायचा, त्यामुळे जुनी गाणी निभावली, पण नव्या अल्बमांतली गाणी हॅलफर्ड परतल्यावर मंचावर टिकली नाहीत. मेडनचं नेमकं उलटं झालं: जुनी गाणी अडली, नवी टिकली (प्रश्न ६).

१९. आता मूळचा एकटा हॅरिसच उरला आहे. मग हा तोच बँड कसा म्हणायचा?

१९७५ चा फक्त हॅरिस, हे बरोबर. डेव्ह मरे १९७६ मध्ये आला, मध्ये थोडा काळ बाहेर होता. पण पहिल्या अल्बमवर वाजवणारे दोघं आजही आहेत, आणि हॅरिस, मरे, स्मिथ, डिकिन्सन ही १९८२ ची चौकडी शाबूत आहे. शिवाय मेडनमध्ये गाण्यांचा मोठा वाटा पहिल्यापासून हॅरिसचा. म्हणून मी कसोटी अशी लावतो: हॅरिस आहे तोवर मेडन आहे. ब्लेझच्या काळातही याच कसोटीने तो मेडनच होता.

२०. पडत्या काळातही दक्षिण अमेरिकेत ते मोठेच होते, असं वाचलं. मग 'पडझड' हा शब्द चुकीचा नाही का?

चुकीचा नाही, पण तो जगभर सारखा लागू होत नाही. ऑगस्ट १९९६ मध्ये साओ पाउलोच्या मॉन्स्टर्स ऑफ रॉक महोत्सवात शेवटी वाजवण्याचा मान मेडनला होता, ब्लेझ गायक असताना. त्याच वर्षी अमेरिकेत ते क्लबांत वाजवत होते. 'द एक्स फॅक्टर'च्या दौऱ्याची सुरुवात इस्रायलमध्ये झाली आणि त्याच दौऱ्यात ते दक्षिण आफ्रिकेत पहिल्यांदा गेले. घसरण झाली ती ब्रिटन आणि अमेरिकेत, आणि संगीतावरची इंग्रजी मासिकं तिथली असल्यामुळे तिथली गोष्ट सगळ्या जगाची म्हणून छापली गेली. ब्राझील, अर्जेंटिना, ग्रीस, स्पेन इथल्या चाहत्यांनी हा बँड सोडलाच नव्हता. रिओला अडीच लाख लोक २००१ मध्ये अचानक उगवले नाहीत. त्यातले कित्येक १९९६ मध्येही आले असणार आणि ब्लेझसोबत गायले असणार.